सह्या हजारो, तक्रारदार एकही नाही





दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या इनबॉक्समध्ये एक पत्र येऊन पडते. देशात कुठे दलित वस्तीवर हल्ला झालेला असतो, कुठे पोलीस कोठडीत कुणी मेलेला असतो, कुठे एखादा कार्यकर्ता वर्षानुवर्षे जामिनाशिवाय आत असतो. मजकुराखाली वर्तमानपत्रांतल्या चार-पाच बातम्यांचे दुवे, दोन जळजळीत विशेषणे, आणि वर पत्ता : "प्रति, संयुक्त राष्ट्रसंघ, जिनिव्हा". आपण नाव घालतो, शहर घालतो, पुढच्या वीस जणांना पाठवतो. मनाला बरे वाटते. मग मीटिंग, मुलांचा फुटबॉल, वीकेंड.

त्या पत्राचे पुढे काय होते, हे किती जणांनी विचारले आहे?

उत्तर सोपे आहे. बहुतेक वेळा काहीही होत नाही. यामागे कुणाचे कारस्थान नाही की जिनिव्हाचे अधिकारी विकले गेलेले नाहीत. ते पत्र त्यांच्या नियमांनुसार तक्रारच नसते. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क यंत्रणांकडे तक्रारीतले खरेखोटे तपासण्याआधी एक पायरी असते : ग्राह्यता. म्हणजे हे प्रकरण आम्ही ऐकू शकतो का, एवढाच प्रश्न. स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात निकाली निघणाऱ्या अर्जांपैकी फार मोठा भाग याच पायरीवर बाद होतो. अन्याय झाला की नाही, यावर तिथे अवाक्षरही निघत नाही.

आपल्या पुरोगामी मंडळींना या पायरीचा कंटाळा आहे. "ही सगळी वकिली भानगड, आपण तत्त्वाचे बोलू" असे म्हटले जाते. या कंटाळ्याची किंमत आपण भरत नाही, ती पीडित माणूस भरतो. कशी, ते जरा सविस्तर पाहू.

दारावर विचारले जाणारे प्रश्न

नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६चा. त्याला जोडलेल्या पहिल्या ऐच्छिक प्रोटोकॉलखाली (तो १९७६ मध्ये अमलात आला) व्यक्तीला जिनिव्हातल्या मानवी हक्क समितीकडे तक्रार करता येते. इतर करारांच्या समित्यांचे नियम थोड्याफार फरकाने असेच आहेत. प्रश्न साधारण सहा :

१. ज्या देशाविरुद्ध तक्रार आहे, त्या देशाने ही तक्रार-व्यवस्था स्वीकारली आहे का? नुसता करार मान्य करून भागत नाही. तक्रारीचे दार वेगळे, आणि ते प्रत्येक देशाला वेगळे उघडावे लागते.

२. तक्रार कोण करतो आहे? ज्याचा हक्क मोडला तो स्वतः, किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस. अपवाद फक्त तो स्वतः तक्रार करू शकत नसेल तेव्हाच. "सर्व समाजाच्या वतीने" ही भाषा इथे चालत नाही.

३. देशातले उपाय संपवले का? पोलीस, कनिष्ठ न्यायालय, अपील, सर्वोच्च न्यायालय. मात्र हे उपाय निरुपयोगी असतील किंवा अवाजवी रेंगाळले असतील, तर ही अट लागू होत नाही.

४. हेच प्रकरण दुसऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे चालू आहे का?

५. वेळेत आलात का? स्ट्रासबर्गची मुदत पूर्वी सहा महिने होती, १ फेब्रुवारी २०२२ पासून ती चार महिने झाली. वंशभेद निर्मूलन समितीची मुदत सहा महिने. मानवी हक्क समितीत ठरावीक मुदत नाही, पण देशातले उपाय संपल्यावर पाच वर्षांहून अधिक उशीर केलात, तर तो तक्रारीच्या हक्काचा गैरवापर ठरू शकतो.

६. तक्रार निनावी नाही ना, आणि आरोपांना काही आधार आहे ना? मानवी हक्क परिषदेची सर्वसाधारण तक्रार-प्रक्रिया तर स्पष्टच सांगते की केवळ प्रसारमाध्यमांतल्या बातम्यांवर आधारलेली किंवा शिवराळ भाषेतली तक्रार ग्राह्य नाही.

आता आपले ते ईमेल या सहा प्रश्नांपुढे ठेवून पाहा. पीडिताची संमती? माहीत नाही. एफआयआरची प्रत? नाही. कोणत्या कोर्टात काय झाले? "न्याय मिळत नाही" एवढेच लिहिलेले. पुरावा म्हणून काय, तर बातम्यांचे दुवे. एकाही प्रश्नाला धड उत्तर नाही.

नियम पाळून काय साधते?

ज्यांना वाटते की नियमांच्या मागे लागणे म्हणजे लढाई सोडणे, त्यांनी मॉरिशसकडे पाहावे. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारे आपले मराठी बांधव आहेत, म्हणून हे उदाहरण जवळचेही आहे. १९७७ मध्ये मॉरिशसने कायदे बदलले. मॉरिशसच्या पुरुषाची परदेशी बायको देशात हक्काने राहू शकत होती, पण मॉरिशसच्या स्त्रीच्या परदेशी नवऱ्याचा तो हक्क गेला. त्याला परवानगी मागावी लागे, आणि त्याला कधीही हाकलता येई. वीस स्त्रियांनी समितीकडे तक्रार केली. मॉरिशसने ऐच्छिक प्रोटोकॉल १९७३ मध्येच स्वीकारला होता, म्हणून दार उघडे होते.

समितीने १९८१ मध्ये काय केले? वीसपैकी सतरा जणी अविवाहित होत्या. त्यांना सांगितले की तुमच्या हक्काला अजून प्रत्यक्ष धक्का लागलेला नाही, त्यामुळे तुम्ही या अर्थाने पीडित नाही. उरलेल्या तिघी परदेशी पुरुषांशी विवाहित होत्या. त्या तिघींच्या प्रकरणात लिंगभेद झाल्याचा निष्कर्ष निघाला, आणि १९८३ मध्ये मॉरिशसला कायदा सुधारावा लागला. तिघी दारातून आत गेल्या आणि फायदा देशातल्या सगळ्या स्त्रियांचा झाला. वीस हजार सह्या असत्या आणि त्या तिघी नसत्या, तर हे झाले नसते.

त्याच मॉरिशसमध्ये निवडणुकीच्या उमेदवाराला आपण हिंदू, मुस्लीम, चिनी-मॉरिशियन की "सर्वसाधारण लोकसंख्या" यापैकी कोण, हे जाहीर करावे लागे. मराठी, तामिळ, तेलुगू हे रकाने तिथे नाहीतच. काही डाव्या कार्यकर्त्यांनी जात-धर्माचे खाते सांगायला नकार दिला, त्यांचे उमेदवारी अर्ज बाद झाले. ते आधी देशातल्या न्यायालयांत लढले, मग समितीकडे गेले. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले : ज्या जनगणनेवर ही विभागणी उभी आहे ती १९७२ची, तिच्या आधारावर आज सक्ती करणे मनमानी आहे. २०१४च्या निवडणुकीसाठी सरकारला तात्पुरती का होईना, सूट देणारी तरतूद करावी लागली.

"पण आधी देशातल्या कोर्टात आयुष्य घालवायचे का?" असा प्रश्न लगेच येईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नियमातच आहे. कॅनडातल्या सँड्रा लव्हलेस या आदिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले म्हणून कायद्याने तिचा आदिवासी दर्जा गेला. पुरुषाचा तसा जात नसे. ती कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलीच नाही, कारण त्याच न्यायालयाने १९७३ मध्ये अशाच दुसऱ्या प्रकरणात तो कायदा वैध ठरवला होता. समितीने तिची तक्रार ग्राह्य धरली आणि १९८१ मध्ये तिच्या बाजूने मत दिले. १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. म्हणजे भिंतीवर डोके आपटा असे नियम सांगत नाही. पुढे भिंत आहे हे कागदाने दाखवा, एवढेच तो सांगतो.

चांगल्या हेतूने केलेले नुकसान

चौथा प्रश्न आठवा : प्रकरण दुसरीकडे चालू आहे का? हा सर्वांत धोकादायक आहे, आणि हौशी मदतनीसांना तो बहुधा माहीतच नसतो. पेराल्डी विरुद्ध फ्रान्स या प्रकरणात कैद्याच्या भावाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या मनमानी स्थानबद्धताविषयक कार्यगटाकडे दाद मागितली होती. २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने त्या कैद्याचा अर्ज ऐकायलाच नकार दिला : हे प्रकरण आधीच दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे गेले आहे. भावाची तळमळ खरी होती, पण त्याच्या पत्राने बंधनकारक निकाल देऊ शकणाऱ्या न्यायालयाचे दार बंद झाले.

ब्रिटनमधल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मुदत चार महिने. २०१४ पासून अर्जाचा नमुना अर्धवट भरला किंवा कागद जोडले नाहीत, तर अर्ज विचारातच घेत नाहीत आणि मुदतीचे घड्याळही थांबत नाही. एकदा अग्राह्य ठरलेले तेच प्रकरण नव्या मुद्द्याशिवाय पुन्हा नेता येत नाही. एखाद्याच्या डिपोर्टेशनच्या किंवा कोठडीतल्या मारहाणीच्या प्रकरणात "आधी एक पत्र टाकून ठेवू, वकील नंतर बघू" असे म्हणणारा मित्र हा मित्र नव्हे.

"देशाची लक्तरे वेशीवर टांगता!"

हा आरोप आपल्या गणेशोत्सवात, दिवाळी मेळाव्यात आणि आता व्हॉट्सअॅपवर ठरलेला असतो. परदेशात बसून भारताविरुद्ध परक्यांकडे दाद मागणे म्हणजे देशद्रोह. हे म्हणणारे बहुधा सुशिक्षित असतात, म्हणून त्यांना थोडा इतिहास.

१९४६ मध्ये, अजून स्वातंत्र्यही मिळाले नव्हते तेव्हा, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरच्या वंशभेदी कायद्यांचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रसंघात नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. जनरल स्मट्स यांचे उत्तर होते : हा आमचा अंतर्गत मामला आहे, सनदीच्या दुसऱ्या कलमानुसार तुम्हाला यात पडता येत नाही. भारताने ते मानले नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने भारताच्या बाजूने, दोन तृतीयांश बहुमताने, ठराव केला. माणसांवरचा अन्याय हा कोणत्याही सरकारचा खासगी मामला नाही, हे जगाला ऐकवणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. आज तोच भारत स्मट्स यांची भाषा बोलतो आणि आपल्यातले काही जण टाळ्या वाजवतात.

दुसरी गोष्ट. १९६५च्या वंशभेद निर्मूलन कराराच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण यांच्या जोडीला "जन्माने मिळालेले कूळ" या अर्थाचा शब्द आहे. तो घालण्याची सूचना भारताचीच. २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत दलितांनी त्या शब्दावर बोट ठेवले, तेव्हा जात हा वंशभेद नाही म्हणून सरकारने हात झटकले. २००२ मध्ये कराराच्या समितीने स्पष्ट सांगितले की या शब्दात जातिव्यवस्थेसारखे भेदभावही येतात. शब्द आपण दिला, त्याचा अर्थ मात्र नको!

आणि "आधी देशातले उपाय संपवा" या अटीचा अर्थ तरी काय? पहिला मान देशातल्या न्यायालयाचा. डॉ. आंबेडकरांनी ज्या कलमाला राज्यघटनेचा आत्मा म्हटले, त्या ३२व्या कलमाखाली न्याय मिळाला तर जिनिव्हाला कुणी जाणारच नाही. ज्याला आपल्या न्यायव्यवस्थेवर विश्वास आहे, त्याने या दाराला घाबरायचे कारण काय?

भारताचे बंद दार

पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण आपल्या साऱ्या ईमेल-मोहिमा तिथेच मरतात. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये मान्य केला, तक्रारीचा प्रोटोकॉल नाही. वंशभेद निर्मूलन करार १९६८ मध्ये मान्य केला, पण वैयक्तिक तक्रारींसाठी १४व्या कलमाखाली लागणारी घोषणा केली नाही. स्त्रियांविषयीचा सीडॉ करार १९९३ मध्ये, बालहक्कांचा १९९२ मध्ये, अपंगांच्या हक्कांचा २००७ मध्ये मान्य केला. तिन्हींचे तक्रार-प्रोटोकॉल बाहेर ठेवले. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, ती आजही नुसती सहीच आहे. २०१०चे छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊन पुढे विरून गेले. २०१७ मध्ये खुद्द विधी आयोगाने करार मान्य करा म्हणून सांगितले, तरी हालचाल नाही.

याचा सरळ अर्थ : भारतातला कोणताही दलित, कोणतीही स्त्री, कोठडीत मार खाल्लेला कोणताही तरुण यांपैकी एकाही करार-समितीकडे वैयक्तिक तक्रार करू शकत नाही. नेपाळमधला माणूस मानवी हक्क समितीकडे जाऊ शकतो (१९९१ पासून). श्रीलंकेतला १९९७ पासून आणि मालदीवमधला २००६ पासून जाऊ शकतो. बांगलादेशातली स्त्री सीडॉ समितीकडे जाऊ शकते (२००० पासून). जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणवणारे आपण मात्र कडी लावून बसलो आहोत.

दार उघडे असण्याने काय फरक पडतो? ब्रिटनने व्यक्तीला स्ट्रासबर्गकडे जाण्याचा हक्क दिला जानेवारी १९६६ मध्ये. दोनच वर्षांनी केनिया-युगांडातल्या ब्रिटिश पासपोर्टधारक भारतीय वंशाच्या लोकांना रोखण्यासाठी १९६८चा कायदा तीन दिवसांत मंजूर झाला. स्वदेशात प्रवेशाचा हक्क देणारा प्रोटोकॉल ब्रिटनने मान्य केला नव्हता, तेव्हा अर्जदारांनी अपमानास्पद वागणुकीविरुद्धच्या कलमाचा आधार घेतला. १९७० मध्ये अर्ज ग्राह्य ठरले. १९७३ मध्ये युरोपियन आयोगाने म्हटले की वंशाच्या आधारावर असे वेगळे काढणे ही अपमानास्पद वागणूकच आहे. अहवाल जाहीर व्हायला १९९४ उजाडले, हेही खरे. पण १९६६ मध्ये दार उघडले नसते तर हे शब्द लिहिलेच गेले नसते.

आणि हो, बोट फक्त भारताकडे दाखवून चालणार नाही. ज्या अमेरिकेत आपल्यापैकी बहुतेकजण टॅक्स भरतात, तिनेही एकाही संयुक्त राष्ट्रसंघीय करार-समितीला वैयक्तिक तक्रारी ऐकण्याची मान्यता दिलेली नाही. तिथे उरते ते वॉशिंग्टनमधले आंतर-अमेरिकी आयोग. तिथेही अट तीच : देशातले उपाय संपवा, मग सहा महिन्यांत या. संरक्षणाचा कोर्ट-आदेश पोलिसांनी अमलात आणला नाही आणि तीन मुली गेल्या, त्या जेसिका लेनाहन २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात हरल्यावरच तिथे गेल्या. २०११ मध्ये आयोगाने अमेरिकेला दोषी धरले. आखातातल्या मित्रांची स्थिती त्याहून कठीण. अमिराती, सौदी आणि ओमान यांनी नागरी-राजकीय करारच मान्य केलेला नाही. कुवेत, बहारीन आणि कतार यांनी केला, पण तक्रारीविना. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे एकटा कामगार जाऊच शकत नाही, तिथे संघटना लागते. कतारविरुद्धची तक्रार २०१४ मध्ये कामगार प्रतिनिधींनी दाखल केली म्हणून पुढे गेली. २०१७ मध्ये सुधारणांच्या हमीवर ती बंद झाली.

मग करायचे काय?

पहिले : सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. पीडिताची किंवा कुटुंबाची संमती आहे का? देशात कोणत्या कोर्टात काय तारीख पडली आहे? पत्र नेमके कोणत्या यंत्रणेकडे जाते आहे? उत्तर नसेल तर ते पत्र फॉरवर्ड करू नका.

दुसरे : भारतासाठी आज ज्या वाटा खुल्या आहेत त्या नीट वापरा. विशेष प्रतिवेदक आणि मनमानी स्थानबद्धतेचा कार्यगट यांच्याकडे जाण्यासाठी भारताने प्रोटोकॉल स्वीकारलेला असावा लागत नाही आणि देशातले उपाय संपवण्याचीही अट नाही. त्यांचे मत बंधनकारक नसते आणि ते कधी फार उशिरा येते. फादर स्टॅन स्वामी ८४व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत, ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत वारले. त्यांची स्थानबद्धता मनमानी होती हे कार्यगटाचे मत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले. उशिरा आले, पण ते नोंदले गेले, आणि ती नोंद आता कुणालाही पुसता येणार नाही.

तिसरे : कागद. गावातल्या वकिलाकडे एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, माहितीच्या अधिकारातली उत्तरे, प्रत्येक तारखेची नोंद असते. नसते ते या सगळ्याचे चांगले इंग्रजी भाषांतर, टाइमलाइन आणि झेरॉक्सचे पैसे. आपण सॉफ्टवेअर, अकाउंट्स, मेडिसिनमधली माणसे. व्यवस्थित फाइल लावणे हाच तर आपला धंदा! देशातले उपाय रेंगाळले हे सिद्ध करायला दहा वर्षांच्या तारखांची फाइल लागते, आणि ती फाइल शनिवार-रविवारी बसून आपण तयार करू शकतो.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे : एकच मागणी लावून धरा. भारताने तक्रारीचे प्रोटोकॉल स्वीकारावेत, १४व्या कलमाची घोषणा करावी, छळविरोधी करार मान्य करावा. सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या खासदाराला भेटून विचारा. दूतावासाच्या कार्यक्रमात मंत्री आले की हात वर करून विचारा. "आपली न्यायव्यवस्था सक्षम आहे" असे उत्तर आले, तर म्हणा : मग दार उघडायला हरकत कसली?

सहीला अर्धा मिनिट लागतो. वरच्या चार गोष्टींना वर्षे लागतील. ज्यांची तयारी आहे त्यांनी या महिन्यात देशातल्या एका प्रकरणाची, एका वकिलाची आणि एका कुटुंबाची जबाबदारी घ्यावी, आणि सुरुवात त्या कुटुंबाला विचारून करावी.